अनंतरावांचं चीज आणि धरमसिंगची म्हैस

माझ्या नवऱ्याला कसलंही व्यसन नव्हतं. तंबाखू नाही, विडी नाही, पत्ते नाहीत; कचेरी सुटली की सरळ घर. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस हो रत्नप्रभा. मी नुसती हसायची. तंबाखू असती तर चारचौघींसारखं मलाही तिच्या नावानं बोटं मोडता आली असती, आणि ऐकणारीला समजलं तरी असतं. आमच्या ह्यांना चीज लागायचं. रोज. दारव्ह्यात. आणि साल होतं १९५६.

लिहिते आहे म्हणून अनंतराव म्हणते. तोंडानं मी त्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं, त्यानंतर नाही. तहसील कचेरीत कारकून, अंगानं बारीक, डोक्यावर काळी टोपी. अक्षर इतकं सुरेख की तहसीलदार मजकूर वाचायच्या आधी नुसतं अक्षरच पाहत राहायचे. स्वभाव असा की कुणाकडे काही मागायचं नाही. भाजीत मीठ नसलं तर तशीच खाऊन उठतील, आणि मी जेवायला बसले की मला कळेल. असल्या माणसाचा जन्मात एकच हट्ट असावा आणि तो अख्ख्या जिल्ह्यात न मिळणाऱ्या वस्तूचा असावा, याला काय म्हणायचं!

ही खोड लागली कामठीला. लढाईच्या काळात ते तिथे लष्कराच्या कोठारात हिशेबनीस होते. गोऱ्या सोल्जरांच्या शिध्यात चीजचे डबे यायचे. एखादा डबा चेपला की तो पलटणीला देत नसत, कारकुनांत वाटून टाकत. अशा एका चेपलेल्या डब्यानं माझ्या संसारात पाय ठेवला. लढाई संपली, गोरे गेले, नोकरी बदलली, लग्न झालं, शोभा झाली. डबा काही सुटला नाही.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कचेरीत सगळ्यांना एकच घोर होता, आता आपला नंबर यादीत कुठे लागणार, बदली कुठल्या कोपऱ्यात होणार. अनंतराव मात्र त्या दिवशी पेढे घेऊन घरी आले.

"रत्ना, मुंबई आता आपली झाली," म्हणाले. "मुंबईत हवं ते चीज मिळतं."

जशी काही राज्यं त्यासाठीच जोडली होती! पण कोठारातला त्यांचा एक जुना सोबती मुंबईला गोदीत लागला होता खरा. तो दर दोन महिन्यांनी डब्याचं पार्सल धाडायचा. मूर्तिजापूरहून आमची छोटी गाडी कधी वेळेवर आली नाही, पण पार्सलाच्या दिवशी हे तासभर आधी स्टेशनावर हजर. घरी आणून डबा देवासमोर ठेवत नसत एवढंच. मग मडक्यातल्या थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्यात तो गुंडाळायचा, आणि सकाळ-संध्याकाळ सुपारीच्या फोडीएवढा तुकडा काढायचा.

खायचं कशाशी? सगळ्याशी. तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा उचलायचा आणि आत चीज सारायचं, ते वितळलं की वर ठेचा. अंबाडीच्या भाजीत चीज. वरणभातावर तूप असताना चीज. एकदा एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर किसून घेतलं. माझ्या सासूबाई, रुक्माबाई, पाहत राहिल्या.

"अनंता, उपास हाय ना रे तुले?"

"दुधाचंच आहे, आई. दूध उपासाला चालतं, मग हे का नाही?"

कारकुनाशी वाद घालू नये. मी स्वतः मात्र ते कधी तोंडात घातलं नाही. वासानं नव्हे, हट्टानं. घरात एकानं तरी शहाणं राहायला हवं होतं.

सत्तावन्न साली सरकारनं परदेशी मालावर बंधनं घातली आणि डबे बंद झाले. पंधरा दिवस घरात सुतक असल्यासारखं झालं. पुढ्यात वाढलेलं गुमान खायचं आणि उठायचं. मला वाटलं, बरं झालं, सुटली पीडा. तेवढ्यात टपालानं एक इंग्रजी पुस्तक आलं. चीज घरी कसं करावं!

ते त्यांनी ओसरीवर बसून वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर मिटलं. चेहरा पडलेला. खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, दूध विरजायला वासराच्या पोटातला काहीतरी अंश लागतो.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही जे खात होतात..."

"ते बंद डब्यात होतं," म्हणाले. "आणि आईला सांगू नकोस."

मला वाटलं, आता तरी संपलं. कुठलं! एका रविवारी यवतमाळला जाऊन काष्ठौषधीच्या दुकानातून पनीरफूल घेऊन आले. सुकलेली, बोरासारखी फळं असतात. कुटून, पुरचुंडी करून कोमट पाण्यात भिजवायची आणि ते पाणी दुधात घालायचं. दूध घट्ट बसतं, जनावराला हात लागत नाही. दुकानदारानं ही औषधी मधुमेहाला म्हणून दिली होती. त्यामुळे पुढे वर्षभर गावात जो भेटेल तो ह्यांच्या साखरेची चौकशी करायचा.

आता दुधाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आमच्याकडे दूध यायचं धरमसिंगचं. गावापासून दोन कोसांवर त्यांचा तांडा. त्याच्या आजापणजानं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आता हे लोक शेती करत आणि म्हशी पाळत. धरमसिंग उंच, कमी बोलणारा, मिशा दाट. त्याच्याकडे भुरी नावाची म्हैस होती, तांबूस केसांची. तिचं दूध इतकं दाट की सायीवर चमचा उभा राहावा. आणि त्या दुधावर माझ्या सासूबाई जगत होत्या, हे मी शब्दशः सांगते. त्यांना संग्रहणीचा जुना आजार. वैद्यांनी अन्न पूर्ण तोडलं होतं. दिवसाला तीन शेर दूध, दुसरं काही नाही. भाताची पेजसुद्धा पोटात ठरायची नाही. दुसऱ्या कुणाचं पाणी घातलेलं दूध दिलं तर दोन दिवसांत अंथरूण धरायच्या. भुरीचं मात्र पचायचं.

त्या तीन शेरांवर अनंतरावांनी दर रविवारी पाच शेर वाढवले. धरमसिंगनं कारण विचारलं नाही. बाबूसायबाच्या घरी आपल्या म्हशीचं दूध इतकं पितात, याचा त्याला अभिमान वाटायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, तुमच्या शोभीच्या अंगावर बाळसं दिसून राह्यलं. भुरीचं दूध हाय ते." शोभा होती काडीसारखी. मी हो म्हटलं. खरं काय ते तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं की नाही, देव जाणे.

पहिला उन्हाळा नुसता नासाडीत गेला. आमच्याकडचा मे महिना म्हणजे घरात ठेवलेलं लोणी आपोआप तूप होतं, तिथे चीज काय टिकणार? एक गोळा वितळून तेल झाला, एकाला मुंग्या लागल्या, एक उंदरानं नेला. तो उंदीर पुन्हा घरात फिरकला नाही. हे मात्र वहीत प्रत्येक गोळ्याची नोंद ठेवायचे, तारीख, वार, दोष. माझा वरवंटा गोळ्यावर दाब म्हणून गेला, तो सहा महिने मला मसाला वाटायला मिळाला नाही. नवा पंचा गाळायला गेला. न्हाणीघरात रांजणाखालच्या ओल्या वाळूत गोळे पुरून ठेवलेले, त्यामुळे आंघोळीला बसलं की वास. पाहुणी आली की मी तिला आधी सांगायची, चामड्याची पखाल वाळत घातली आहे. खोटं बोलायची सवय मला त्या चीजनं लावली.

पण थंडीत जमलं. अठ्ठावन्नच्या डिसेंबरात वाळूतून काढलेला एक गोळा त्यांनी कापला. आत पिवळसर, घट्ट, कुठेही भोक नाही, बुरशी नाही. भाकरीवर ठेवून पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसून राहिले. मग मला म्हणाले, "रत्ना, थोडं अजून घेऊ का?"

स्वतःच्या घरात, स्वतः केलेल्या वस्तूबद्दल, बायकोला विचारतो आहे! मला रागच आला. "घ्या की," म्हटलं, "मी काय टांगून ठेवू?"

एकोणसाठच्या फेब्रुवारीतला एक रविवार. धरमसिंग सकाळी दूध घालून गेला आणि कासरा ओसरीवर विसरला म्हणून दुपारी परत आला. मागचं दार उघडं होतं. हे परातीसमोर बसून घट्ट झालेलं दूध सुरीनं कापत होते. बाजूला खुंटीला पंचा टांगलेला, त्यातून निवळी टपटपत होती.

"दूध नासलं काय, बाबूसायेब?" धरमसिंगनं काळजीनं विचारलं.

इथे कुठलाही शहाणा माणूस हो म्हणाला असता. मी चुलीपाशी उभी राहून डोळ्यांनी खुणावत होते. पण अनंतरावांना कुणी विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं नाही, असं कधी झालं नाही.

"नासलं नाही," उत्साहानं म्हणाले. "मी नासवलं. ये, दाखवतो."

धरमसिंगचा चेहरा पांढरा पडला. "हातानं? काहून?"

"खायला."

"माह्या भुरीचं?"

तो तिथे थांबला नाही. कासरासुद्धा घेतला नाही. हे परातीसमोर सुरी धरून तसेच बसले, काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. मला कळलं होतं. त्यांच्या तांड्यात दूध हातानं कुणी फाडत नाही. आपोआप नासलं तर बोलायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी ओतायचं आणि म्हशीच्या कपाळाला तेल लावायचं. जाणूनबुजून फाडलं तर म्हशीची कास फाटते, असं ते मानतात. आणि आम्ही वर्षभर दर रविवारी पाच शेर फाडत होतो.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात कळलं की भुरीच्या दुधातून रक्त येऊन राह्यलं. मग तर विचारायलाच नको. त्या तांड्याचा, शेजारच्या तांड्याचा, कुणीच आमच्या दारी येईना. गावातल्या गवळ्यानं एक दिवस पांढरं पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी तोही चुकवून गेला. सासूबाईंना पेज देऊन पाहिली, ती ठरली नाही. चौथ्या दिवशी त्यांचे डोळे खोल गेले आणि हात उचलेना.

आणि आमचे हे काय करत होते? दौत-टाक घेऊन लिहीत होते. तांड्याला द्यायचा खुलासा!

मी कपाळाला हात लावला. "आई तिथे वाळून चालली आहे आणि तुम्ही अर्ज कसले लिहिता? जा आणि पाय धरा त्यांचे!"

"त्यांचा गैरसमज झाला आहे," म्हणाले. "मुद्देसूद सांगितलं की दूर होईल."

मी तणतणत सासूबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, तुम्हीच सांगा तुमच्या लेकाला, हे खाणं सोड म्हणावं. त्यांनी माझा हात धरला. हातात जोर नव्हता.

"रत्ना, त्याले सोडाले नको लावू."

"अहो, पण तुम्ही..."

"आईक. बाप गेल्यावर अमरावतीले शिकाले धाडलं त्याले. सात घरी सात वार लावले. लेकरू सात वर्सं परक्याच्या घरी जेवलं. पानात पडलं ते खाल्लं, वाढा म्हणून कधी तोंड उघडलं नाई. सुटीत घरी आला तरी मले माग म्हणता येत नव्हतं त्याले, इसरूनच गेलता. मंग कामठीहून एकदा आला तं म्हणे, आई, मले एक वस्तू आवडते." त्या दम खायला थांबल्या. "माह्या पोराले काई आवडते, हेच मले तोवर ठाऊक नव्हतं. मी आज हाय, उद्या नाई. त्याचं ते नको काढू."

मला तेरा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी तर नाहीच. मला त्या दोघांचाही इतका संताप आला की रडू फुटलं. आई मरायला तयार, पण मुलाचा तुकडा सुटू नये. मुलगा खुलासे लिहिणार, पण मला हे हवं आहे असं तोंडानं सांगणार नाही. आणि मी इतकी वर्षं वासाचं बोलत बसले होते.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही तांड्यावर गेलो. मी सोबत गेले, कारण एकट्याला धाडण्यात अर्थ नव्हता. तांड्याचे नाईक अमरसिंग लिंबाखाली खाटेवर बसले होते, भोवती पाच-सात जण. धरमसिंग मागे उभा, आमच्याकडे पाहत नव्हता. त्याची आई हंसाबाई, तिला तो याडी म्हणायचा, भुरीच्या गळ्याशी हात ठेवून बसली होती. म्हशीची कास सुजलेली दिसत होती.

अनंतरावांनी टोपी नीट केली, खिशातून दोन ताव काढले आणि वाचायला सुरुवात केली. मुद्दा एक, दूध काढल्यानंतर त्याचा म्हशीच्या शरीराशी संबंध राहत नाही. मुद्दा दोन, कासेचा हा रोग जंतूंमुळे होतो व त्यावर इंजेक्शन उपलब्ध आहे. मुद्दा तीन, सदर वस्तू आपण कोणाचा अपमान करण्याच्या हेतूनं केलेली नाही. असे सात मुद्दे. मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात होते. पण नाईकांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"लय मस्त लिवलं, बाबूसायेब," वाचून झाल्यावर म्हणाले. "आता म्हशीवर हात ठेवा."

"कशासाठी?"

"तिच्या पाठीवर हात ठेवून सांगा, का पुन्हा हातानं दूध फाडणार नाई. मंग धरमसिंग उद्यापासून दूध घालते."

अनंतराव भुरीजवळ गेले. हात ठेवला. आणि मग, कुणालाही पटणार नाही, पण माझ्या कानांनी ऐकलंय, मागे वळून विचारलं, "किती मुदतीपर्यंत?"

शपथेची मुदत विचारणारा माणूस तांड्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. शेवटी म्हातारी हंसाबाईच बोलली, "हे जिती हाय तोवर."

"ठीक," अनंतराव म्हणाले. "ही जिवंत आहे तोपर्यंत मी दूध फाडणार नाही." आणि जरा थांबून, कुणीही न मागता, पुढे म्हणाले, "आणि फाडलेलं खाणारही नाही."

परतीच्या वाटेवर मी गप्प बसू शकले नाही. "खाणार नाही हे कुणी मागितलं होतं हो? फाडू नका म्हणाले होते नुसतं!"

"अर्धी शपथ कशी घ्यायची?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे धरमसिंग दूध घेऊन दारात उभा होता. त्याच दिवशी ह्यांनी गुरांच्या डॉक्टरांना तांड्यावर धाडलं आणि इंजेक्शनं देववली. आठवड्यात भुरी बरी झाली. तांडा म्हणाला शपथेनं, हे म्हणाले इंजेक्शनानं, आणि दोघंही खूश राहिले. सासूबाई पुढे चार वर्षं जगल्या. रांजणाखालचे तीन गोळे ह्यांनी स्वतः आमच्या परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी पुरले. वरवंटा मला परत मिळाला. मला आनंद व्हायला हवा होता.

पण पानावर बसलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा झाला. वाढलं ते खायचं, उठायचं. काही हवं का विचारलं तर, नको, सगळं आहे. एका उन्हाळ्यात मलाच राहवलं नाही. दुधात लिंबू पिळलं, पंच्यात बांधलं, मीठ लावलं आणि वाटीत घालून भाकरीबरोबर पुढे ठेवलं. म्हटलं, उन्हानं आपोआप नासलं, टाकवेना. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वाटी उचलून बाहेर गेले, लिंबाखाली रिकामी करून आले आणि ठेच्याशी भाकरी खाल्ली. त्या दिवशी मी भांडी जरा जोरातच घासली.

आणि वर काय, तर रोज सकाळी धरमसिंगला विचारायचे, "भुरी कशी आहे?" गावातल्या टवाळांना वाटायचं, बाबूसायेब म्हशीच्या मरणाची वाट पाहून राह्यले. आणि हे काय करायचे? दर बाजाराला सरकीची ढेप घेऊन तिच्यासाठी धाडायचे! चौसष्टच्या पावसाळ्यात भुरीला ताप भरला, तेव्हा चिखलातून डॉक्टरांना घेऊन तांड्यावर गेले आणि ती चारा खायला लागेपर्यंत परत आले नाहीत. जिच्या जिवावर आपलं खाणं अडलंय तिलाच जगवणारा माणूस! मी म्हटलंसुद्धा, "तुम्ही असेच वागलात तर ती तुमच्या मागे राहील." त्यावर हसले फक्त.

शोभा नागपूरला शिकायला गेली होती. त्रेसष्टच्या दिवाळीला तिनं एक डबा आणला. आता आपल्याच देशात चीज करायला लागले होते. "बाबा, पाहा तरी!" डबा हातात घेऊन त्यांनी वरचं बारीक छापलेलं सगळं वाचलं, वजन, पत्ता, सगळं. मग मला परत दिला. "कुणाच्या तरी म्हशीचं दूध फाडलेलंच ना," म्हणाले. शोभा रडकुंडीला आली. मी तो डबा फळीवर पिठाच्या डब्यांमागे ठेवला. दर दिवाळीला तो शेजारच्या मास्तरणीला द्यायचा आणि शोभाकडून नवा आणवायचा, असं तीन वर्षं चाललं. का, ते मला विचारू नका. घरात असावा, एवढंच.

सहासष्टच्या डिसेंबरात, एका सकाळी धरमसिंग आला. हातात दुधाची चरवी नव्हती. डोक्याला पागोटंही नव्हतं. हे ओसरीवर दाढी करत होते.

"बाबूसायेब," तो दारातूनच म्हणाला, "भुरी गेली. पहाटे."

हातातला वस्तरा खाली ठेवून हे उभे राहिले. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"याडीनं मरताना सांगून ठेवलंतं," धरमसिंग पुढे म्हणाला, "म्हैस गेली का पयले बाबूसायेबाले सांगाले जाजो. त्यायचा हात मोकळा होते. म्हणून आलो. तुमचा हात मोकळा झाला."

म्हैस गोठ्यात पडलेली, आणि हा माणूस दोन कोस चालत, आमच्या ह्यांची शपथ सुटली हे सांगायला आला होता. मी आत गेले, पिठाच्या डब्यांमागून तो डबा काढला, पदरानं पुसला, भाकरी तव्यावर होती ती ताटात घेतली आणि सगळं आणून ह्यांच्यापुढे ठेवलं. सात वर्षं आणि दहा महिने. मी मोजलेले होते.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. डबा उचलला, तळहातावर जरा धरला आणि माझ्या हातात परत दिला.

"आज नको, रत्ना," म्हणाले. "त्याच्या घरची गेली आहे. दहा दिवस जाऊ दे."

"अहो, म्हशीचं कसलं सुतक पाळता!" मी ओरडलेच. सात वर्षांचा सगळा वैताग एकदम बाहेर आला. "माणूस आहात की कोण आहात! आता तर कुणी अडवलं नाही ना!"

ते धरमसिंगच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आणि तो उंच, कमी बोलणारा माणूस, जो तांड्यापासून इथपर्यंत कोरड्या डोळ्यांनी चालत आला होता, तो आमच्या ओसरीच्या पायरीवर मटकन बसला आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला. हे त्याच्या शेजारी बसले, अर्ध्या गालाला साबण वाळत चाललेला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी डबा फळीवर जागच्या जागी ठेवून आले. चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि मग लक्षात आलं, आज घरात दूध नाही. तिघांनी कोरा चहा घेतला.